शेपटीखालचा कंगोरा

१

विजयादशमीच्या सकाळी मायक्रोस्कोप पूजेतून उचलला, तेव्हा त्याच्या कपाळावर चंदनकुंकवाचा टिळा तसाच होता. श्रीरंजनी मॅडमनी तो पुसला नाही. टिळ्यासकट त्या त्यात वाकल्या, दहा मिनिटं वाकलेल्याच राहिल्या, आणि मग मान वर करून म्हणाल्या, "कंगोरा कुठे आहे?"

मॅडम कोचीहून तपासणीला आलेल्या. प्रश्न त्यांनी आधी इंग्रजीत विचारला, कोणी बोलेना म्हणून मग तमिळमध्ये. राजसबाईंना दोन्ही वेळा एकच ऐकू आलं: बाई, तू खोटं काढलंस.

हा कंगोरा काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. चेन्नईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या कॉलेजात प्राण्यांचं संग्रहालय आहे. स्पिरिटच्या चार हजार बरण्या, आणि आत गेलं की पहिला श्वास घशात अडकतो. त्यातल्या एका बरणीत काशिमेडूच्या बंदरावर एकतीस वर्षांपूर्वी मिळालेला मँटिस श्रिंप होता. कोळंबीचा लांबचा नातलग, वीतभर लांब, पुढचे दोन पाय प्रार्थनाकीटकासारखे छातीशी दुमडलेले आणि त्या पायांना करवतीचे दात. कोळी त्याला शिव्या घालतात, कारण जाळ्यातून सोडवताना तो बोट फाडतो. शास्त्रज्ञही घालतात, कारण तो कुठल्या घरातला हे लवकर कळू देत नाही.

या विद्येत जाती म्हणजे नाव आणि प्रजाती म्हणजे आडनाव. फक्त आडनाव आधी सांगायचं. सांगलीहून येऊन सहा वर्षं वेलचेरीत राहून या जनावरावर संशोधन करणाऱ्या हेरंबचं म्हणणं होतं की या जनावराला जगातलं कुठलंच आडनाव बसत नाही, नवीन प्रजातीच काढायला हवी. दात इतरांनाही होते, डोळे इतरांसारखेच होते. सगळा दावा उभा होता शेपटीच्या ताटलीखाली असलेल्या एका बारीक उभ्या कंगोऱ्यावर. तो फोटोत यायचा नाही. एकतीस वर्षं स्पिरिटमध्ये राहून जनावर पांढरंफटक पडलेलं. दिवा तिरका धरला तरच केसाएवढी सावली पडायची. अशा ठिकाणी कॅमेरा हात टेकतो आणि हातानं काढलेल्या चित्राला मान मिळतो.

ते चित्र राजसबाईंनी काढलं होतं.

वेस्ट मांबलमच्या राजसबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शिक्षण दहावी, डिग्री नाही. चित्रकला शिकल्या त्या दारापुढच्या कोलमच्या रांगोळीतून. ठिपका चुकला की आई अख्खं कोलम पुसून पुन्हा घालायला लावायची. एकतीस वर्षांत त्यांनी तीन हजार जनावरं काढली, काटा न् काटा मोजून. लोकांच्या जाडजूड पुस्तकांत ती छापली गेली, खाली बारीक अक्षरात कधी त्यांचं नाव, कधी तेही नाही. पण चित्रात काटा आहे म्हणजे जनावरात काटा आहे, एवढी पत होती. आणि एक चित्र खोटं ठरलं की मागची तीन हजार संशयात जातात.

"चित्रात आहे," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "जनावरात नाही. माझं विमान संध्याकाळचं आहे. चार वाजता मी मत लिहून देईन."

२

राजसबाईंनी पदर खोचला आणि स्वतः भिंगाला डोळा लावला. दिवा तिरका केला, आणखी तिरका केला. शेपटीची ताटली खालून गुळगुळीत, नुकत्या धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखी.

त्यांनी दिवा बंद केला. "हें तें जनावर नव्हे," त्या म्हणाल्या.

संग्रहालयाची क्युरेटर सौम्या खिडकीशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "अक्का, सगळे तसंच म्हणतात. चूक निघाली की."

"काल अकरा वाजतां, पूजेला ठेवायच्या आधीं, मीं शेवटचें बघितलें. कंगोरा होता."

"एकटीनंच बघितलं?" सौम्यानं ते तमिळमध्ये सांगताच मॅडमनी विचारलं.

"एकटीनें."

काल सरस्वतीपूजा. त्या दिवशी इथे पुस्तकं, हत्यारं, सगळं देवापुढे मांडतात, आणि विजयादशमीपर्यंत कोणी अक्षर लिहीत नाही की वाचत नाही. संग्रहालयानेही मायक्रोस्कोप, चिमटे, रजिस्टरं, पेन्सिली, झाडून सगळं मांडलं होतं. मधोमध मानाची जागा या बरणीची. राजसबाईंनीच तिच्या खांद्यावर चंदनाचं बोट टेकवून वर कुंकू लावलं होतं. नंतर सुंडल आणि पोरी, म्हणजे हरभऱ्याची उसळ आणि चुरमुरे, वाटले, माणसं आली, गेली.

त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. कुंकवाचा ठिपका गोल राहिला नव्हता. खाली दोन बोटं लाल ओघळ आला होता.

"पाण्यानं असं होतं," हेरंब म्हणाला. तो कोपऱ्यात उभा होता, चेहरा स्पिरिटमधल्या जनावरासारखा.

राजसबाईंनी ओघळाला नाक लावलं. "वास घे. स्पिरिट आहे. झांकण उघडल्याशिवाय स्पिरिट बाहेर येत नाहीं. आणि काल मीं कुंकूं लावल्यानंतर उघडायचें कांहीं काम नव्हतें."

मॅडमनीही वास घेतला. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाची आठी जरा हलली.

मग राजसबाईंना दुसरी गोष्ट दिसली. बरणीत लाल पट्टीचं नवं छापील लेबल होतं. पण त्याच्या मागे, जनावराला टेकून, एकतीस वर्षं जी तपकिरी चिठ्ठी असायची, पेन्सिलीनं लिहिलेली, काशिमेडू, मार्च १९९४, ती नव्हती.

चोरानं जनावर बदललं होतं, हे एक वेळ समजत होतं. चिठ्ठी कशाला नेली?

३

आदल्या दिवशी पूजेच्या खोलीत एकटे राहिलेले तिघेच. हेरंब, सौम्या आणि जुने प्रमुख व्यासराज सर.

हेरंब जिन्यात बसला होता. राजसबाई त्याच्याशेजारी टेकल्या.

"काल दुपारीं आंत काय करीत होतास?"

"आईला व्हिडिओ कॉल. पूजा दाखवत होतो." त्यानं डोळे चोळले. "बाई, रागावू नका. पण कंगोरा होता ना हो?"

राजसबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मी आधी तुमचं चित्र बघितलं, मग जनावर," तो म्हणाला. "आता वाटतं, मी सगळा वेळ चित्रच बघत होतो की काय. सहा वर्षं चित्रावर काढली की काय मी."

हे त्यांना सौम्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तरी त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. ज्याची सहा वर्षं बुडतायत तो माणूस स्वतःचं घर जाळत नाही. आणि जाळलंच असतं, तर आता इतकं भाबडं तोंड करून विचारलं नसतं.

सौम्या कॉम्प्युटरपुढे होती. ती दर बरणीचं लेबल स्कॅन करून यादीत चढवायची. तिचं मत वेगळं होतं आणि ते तिनं छापूनही आणलं होतं: नवी प्रजाती वगैरे काही नाही, हे जनावर एरुगोस्क्विला या आधीच माहीत असलेल्या घरातलं.

"तुझ्या मनासारखें झालें," राजसबाई म्हणाल्या.

"अक्का, मी भांडते ते कागदावर. बरणीत हात घालत नाही. सत्यमा नाही." सत्यमा म्हणजे शपथेवर, सौम्याचं मराठी अशा ठिकाणी तमिळच्या कुशीत शिरायचं. मग ती चिडूनच म्हणाली, "आणि मला करायचंच असतं ना, तर जुनी चिठ्ठी मी आतच ठेवली असती. चिठ्ठी बघून कोणीही म्हणालं असतं, जनावर तेच. चिठ्ठी नेली म्हणून तर तुम्हाला बोलायला जागा मिळाली. चोर अगदीच मक्कू दिसतो."

मक्कू म्हणजे ढ. राजसबाई दारातच थांबल्या.

पोरीचं बरोबर होतं. फसवणाऱ्यानं चिठ्ठी ठेवली असती. मग ही चिठ्ठी नेली ती फसवायला नव्हे. जनावर चिठ्ठीवाचून राहू नये म्हणून नेली.

भिंतीवर, सौम्याच्या डोक्यावर, पिवळा पडलेला एक कागद चौकटीत होता. संग्रहालयात आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी वाचायला लावत. पहिला नियम: जनावर हलविल्यास त्याची मूळ चिठ्ठी त्याच्या संगें न्यावी. चिठ्ठीवाचून जनावर पोरकें.

अक्षर व्यासराज सरांचं होतं.

४

व्यासराज सर व्हरांड्यात बाकावर बसले होते. वय एकोणऐंशी, मूळचे कुंभकोणमचे, घरी राजसबाईंसारखंच जुनं मराठी. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी रोज दहाला हजर. शर्टाच्या खिशात बोटभर पेन्सिल. ती काल पूजेतही ठेवली नव्हती, सरांच्या मते ती देवापेक्षा जुनी.

काशिमेडूच्या ओट्यावरून ते जनावर त्यांनीच उचललं होतं. चौऱ्याण्णव साली त्याला ओराटोस्क्विला हे आडनावही त्यांनीच दिलं. आणि त्याचं पहिलं चित्र काढायला नुकतीच लागलेली सत्तावीस वर्षांची एक मुलगी बसली होती.

"चार वाजतां मत लिहिणार म्हणे," सर म्हणाले.

"होय, सर."

"तुला वाईट वाटतें आहे."

"होय, सर."

समुद्रावरून वारा आला. सरांनी खिशातली पेन्सिल चाचपली. "तेव्हां मीं सांगितलें, ओराटोस्क्विलाच्या शेपटीखालीं असला कंगोरा नसतो. स्पिरिटनें कातडें आकसलें असेल. तूं पुसलेंस. एकतीस वर्षांनीं परत कां काढलेंस?"

राजसबाईंना ते खोडरबर अजून आठवत होतं. हिरवं, एका कोपऱ्यानं झिजलेलं. बघितलेली वस्तू पुसायची आयुष्यातली ती एकच वेळ. नंतर तीन हजार चित्रांत त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून एक रेघ पुसली नाही, आणि त्याचं मूळ त्या एका रेघेत होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"कारण तो होता, सर."

सर लाटांकडे वळले. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "जनावर आपल्या जागींच असतें, राजस. माणसेंच हलवितात."

राजसबाई उठल्या. सावकाश चालत त्या आत गेल्या. घड्याळात साडेतीन वाजले होते.

५

चार हजार बरण्यांत एक जनावर लपवलं तर शोधायला महिना लागेल. पण जनावर लपवलेलं नसेल तर?

हे संग्रहालय पुस्तकांसारखं लावलेलं होतं, आडनावावर. बरणी कुठल्या कपाटात ठेवायची हा नुसता जागेचा प्रश्न नव्हता. ते ठेवणाऱ्याचं मत होतं. हेरंबच्या मते या जनावराला कपाटच नव्हतं, म्हणून त्यानं ते लाल पट्टीच्या वेगळ्या बरणीत काढलं. सौम्यानं ठेवलं असतं तर एरुगोस्क्विलाच्या फळीवर. आणि ज्याच्या मते ते ओराटोस्क्विला होतं, आजही होतं, तो माणूस ते कुठे ठेवणार?

राजसबाई तिसऱ्या कपाटापुढे जमिनीवर बसल्या. सगळ्यात खालची फळी. क्रमांक ११४७. हेरंबनं जनावर काढून घेतल्यापासून ही जुनी बरणी इथे रिकामी पडून होती. रजिस्टरात खाडाखोड व्हायची होती म्हणून सौम्यानं ती उचलली नव्हती. रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

बरणी भरलेली होती. स्पिरिट काठोकाठ, झाकण नीट बसवलेलं. आत जनावर, आणि त्याला टेकून तपकिरी चिठ्ठी, लिहिलेली बाजू बाहेर, वाचता येईल अशी.

शेजारच्या बरणीत ओराटोस्क्विलाची भावंडं होती. चिठ्ठीवर संख्या नऊ. राजसबाईंनी मोजली. आठ. नववं सकाळपासून मायक्रोस्कोपखाली होतं.

पदराला बरणी पुसताना त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. कशासाठी, ते त्यांनी तपासलं नाही. वेळ नव्हता.

६

चारला पाच कमी असताना सगळे मायक्रोस्कोपभोवती जमले. व्यासराज सरांना हेरंबनं हात धरून आणलं. सरांना खुर्ची दिली, आणि राजसबाई उभ्या राहिल्या.

"चोरी झालेली नाहीं," त्या म्हणाल्या. "चोर असता तर जनावर समुद्रांत टाकलें असतें, आणि जुनी चिठ्ठी बरणींत ठेवली असती, म्हणजे बदललेलें जनावर खरें वाटलें असतें. ह्यानें उलट केलें. खोट्या जनावराजवळ खरी चिठ्ठी ठेवणें त्याला जमलें नाहीं. खरें जनावर चिठ्ठीवाचून ठेवणें तेंही जमलें नाहीं. नवी चिठ्ठी लिहून ठेवतां आली असती. खिशांत पेन्सिल होती. पण खोटें लेबल ह्या हातानें जन्मांत लिहिलें नाहीं."

सौम्यानं भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं, मग सरांकडे. तिचा हात तोंडावर गेला.

"आणि लपविलेंही नाहीं. स्वतःच्या मतानें जिथली वस्तू तिथें ठेवली." राजसबाईंनी ११४७ क्रमांकाची बरणी टेबलावर ठेवली.

सरांनी बरणीकडे बघितलं. मग सर म्हणाले, "हात कांपला. झांकण उघडतांना स्पिरिट सांडलें. कुंकूं ओघळलें तें मला दिसलें होतें. पुसावें असें वाटलें. पण पूजेची बरणी, पुसवेना."

"सर," हेरंब कसाबसा म्हणाला, "पण कशासाठी?"

"माझें मत खोडूं नकोस असें तुला सांगायला तोंड नव्हतें. मीं म्हटलें, कोचीच्या बाई येतील, कंगोरा नाहीं म्हणतील, जातील. जनावर आपल्या घरीं राहील. मीं दिलेल्या घरीं." त्यांनी राजसबाईंकडे बघितलं नाही. "हिचें नांव बुडेल हें मीं पाहिलें नाहीं. तेव्हांही पाहिलें नव्हतें."

श्रीरंजनी मॅडमना मराठी कळत नव्हतं. पण समजायचं ते त्यांना समजलं असावं. त्यांनी काही न बोलता जनावर ट्रेमध्ये घेतलं, उलटं केलं, आणि राजसबाईंना खूण केली. राजसबाईंनी दिवा धरला. तिरका, आणखी तिरका.

मॅडमनी भिंगातून बघितलं. मग बाजूला सरकून त्या म्हणाल्या, "सरांना बघू द्या."

सर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"आहे," ते म्हणाले.

राजसबाईंनी पिशवीतून एक जुना जाड कागद काढला. चौऱ्याण्णव सालचं चित्र, कपाटातल्या फायलीतून आत्ताच आणलेलं. शेपटीची ताटली खालून, स्वच्छ, गुळगुळीत. तोच दिवा त्यांनी कागदावर तिरका धरला. रबरानं शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीनं कागदावर पाडलेली खाच गेली नव्हती. ताटलीच्या मधोमध एक बारीक उभी सावली उठली. जनावरावर होती तशीच, त्याच लांबीची.

"एकतीस वर्षांपूर्वी?" कागदावरची तारीख बघून मॅडमनी विचारलं. मग त्यांनी आपला कागद ओढला आणि लिहायला लागल्या. नवीन प्रजाती, हे शब्द राजसबाईंना उलट्या बाजूनंही वाचता आले.

हेरंबनं नाक पुसलं. "सर, तुम्हाला आज सांगणार होतो. प्रजातीचं नाव मी काशिमेडूवरून ठेवतोय. पण जातीचं नाव तुमच्यावरून आहे. तुम्हीच तर उचललं होतं ते."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. "काढ तें. हिचें ठेव."

"राहूं द्या," राजसबाई म्हणाल्या. "नांव तुमचें राहूं द्या. ओळख माझी."

सर टेबलाजवळ सरकले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. विजयादशमीला इथे लहान पोरांना पहिलं अक्षर गिरवायला लावतात; तितक्याच सावकाश त्यांनी लेबलाच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहायला घेतलं. संग्रहालयात जुनं लेबल कधी काढत नाहीत. मत बदललं की नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी ठेवायची, म्हणजे कोण कधी चुकलं आणि कोणाला कधी दिसलं, दोन्ही बरणीत राहतं.

कंगोरा प्रथम पाहिला: राजसबाई. खाली त्यांनी आजची तारीख घातली आणि चिठ्ठी राजसबाईंपुढे सरकवली.

राजसबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवून ती वाचली. ताठ उभ्या राहून, दोनदा. मग चिठ्ठी परत सरांकडे सरकवली, आणि शेजारी आपलं खोडरबर ठेवलं.

"तारीख चुकली, सर," त्या म्हणाल्या. "मार्च चौऱ्याण्णव."

सरांनी रबर उचललं आणि पुसायला लागले.